द्राक्षवालीच्या शेजारी

जॉर्जियातल्या द्राक्षतोडणीच्या जत्रेत सहलीतली जोडपी हातात हात घालून पांगली आणि कुमुदताई एकट्याच उरल्या. काळा रुमाल बांधलेल्या म्हाताऱ्या द्राक्षवालीने त्यांना आपल्याशेजारी स्टुलावर बसवलं, ओंजळीत काळीभोर द्राक्षं दिली आणि तिच्या भाषेत काहीतरी विचारलं.

‘कशी आहेस?’ असंच विचारलं असावं. वर्षभर सगळ्यांना ‘मजेत’ म्हणणाऱ्या कुमुदताई मराठीतच बोलून गेल्या, “हे गेल्यापासून कुलूप उघडून घरात शिरायची भीती वाटते हो.”

म्हातारीला एक अक्षर कळलं नाही. पण तिने त्यांचा हात धरला आणि मग तीही बराच वेळ बोलत राहिली.

परतताना बसमध्ये सहलीच्या मॅनेजरने विचारलं, “काय घेतलंत, काकू?”

“काही नाही. गप्पा मारत बसले होते.”

“कोणाशी?”

सांगायला कुमुदताईंकडे म्हातारीचं नावही नव्हतं.