तांब्याच्या रेघा

पंधरा वर्षांत घरातलं काहीच बिघडलं नव्हतं. उपकरणांमधली सर्किटं आपल्या चिरा आपणच बुजवत. एकेकाळी हौसेनं घरी सर्किटं बनवून साऱ्या चाळीचे रेडिओ दुरुस्त करणारे भालचंद्र तांडेल आता दिवसदिवस बोलत नसत.

मुलगी हेमांगीनं खटपट करून घरी सर्किट बनवायला तांब्याचा मुलामा असलेली प्लेट आणि तांबं विरघळवणारं फेरिक क्लोराईडचं द्रावण मिळवलं. भालचंद्रांनी प्लेटवर मार्करनं सर्किटच्या रेघा आखल्या आणि ते ती द्रावणात हलवत बसले. उघडं तांबं विरघळलं, रेघांखालचं उरलं. बोटं पिवळी झाली.

"या डागांवरून तुझी आई रोज बोलायची," ते म्हणाले.

संध्याकाळी सुटे भाग जोडल्यावर इवलासा दिवा लागला.

"बाबा, हा बिघडला तर?"

"बिघडेल ना," भालचंद्र समाधानानं म्हणाले. "मग माझ्याकडे घेऊन ये."