उंदराची कृपा

"हा चांगला मुरलाय," ड्रमर म्हणाला आणि त्याने उंदराची पिशवी एसीच्या जाळीमागे ढकलली.

त्याच्या मेहुण्याने, बँडच्या गिटारवाल्याने, श्वास रोखूनच गिटार सुरात लावली.

वीस वर्षांपूर्वी याच तळघरातल्या स्टुडिओत, याच जाळीमागे एक उंदीर मरून पडला होता. त्या वासातच बँडने अल्बम उरकला. तोवर ते हॉटेलांत वाजवत आणि लोक चमचा न थांबवता ऐकत. अल्बम आला आणि मैदानं भरू लागली. गायकाच्या आवाजातल्या शिसारीला समीक्षकांनी 'पिढीची मळमळ' म्हटलं. ड्रमर, म्हणजे गायकाचा थोरला भाऊ, मुलाखतींत सगळं श्रेय उंदराला द्यायचा. गायक नुसता हसायचा.

पुढच्या अल्बमांत आवाज गोड होत गेला आणि मैदानं ओस पडली. आता कंपनीने बजावलं होतं: तो आवाज आणा, नाहीतर गाशा गुंडाळा.

गायकाने काचेपलीकडच्या गाण्याच्या खोलीत जाऊन काचेवरचा पडदा ओढून घेतला. पहिल्या अल्बमला काच उघडीच होती; यशानंतर त्याने घातलेली ही एकमेव अट. मेहुणा याला कलावंताचा संकोच म्हणे.

लाल दिवा लागला. गायक गायला. ऐकून तान्हं पोर झोपी गेलं असतं.

ड्रमर तोंडाला रुमाल बांधून आत गेला. पिशवी उघडून त्याने थेट माइकच्या पायाशी ठेवली. परत पळताना भोवळ आली म्हणून पडदा धरला, तसा वरचा दांडा कुरकुरला. बाहेर येऊन तो बादलीत ओकला. मेहुण्यानेही साथ दिली. या दोघांची साथ इतकी जुळलेली बऱ्याच वर्षांत कुणी ऐकली नव्हती.

"आता तरी येतेय का किळस?" ड्रमरने माइकवरून विचारलं.

"कशाची, दादा?"

"उंदराची, गाढवा."

"मला वास कुठे येतो? लहानपणी तू नाकावर बॅट हाणलीस, तेव्हाच गेला तो."

ड्रमरला बॅट काही आठवेना. मेहुण्याने विचारलं, मग इतकी वर्षं गप्प का राहिलास? कंपनीला काय सांगायचं यावर दोघे तिथेच भांडू लागले. रेकॉर्डिस्टने कंटाळून पुन्हा लाल दिवा लावला.

दुसऱ्या ओळीला दांडा निसटला आणि पडदा खाली आला. गायकाने मान वर केली. काचेपलीकडे भाऊ बाहीला तोंड पुसत होता, मेहुणा नाक धरून बसला होता. गायकाने दोघांकडे नीट पाहिलं.

आणि तो आवाज परत आला.