ओंडक्याचे दात

यगोदाच्या हातातलं वल्हं एकाएकी जड झालं. होडीचं नाक आपसूक प्रवाहाच्या उलट वळलं आणि तिला कळलं, मासा लागला.

ती बापाच्या, ओब्रादच्या, पाठीकडे बघत राहिली. त्याच्या हातातली काठी पार वाकली होती आणि गळाचा तंगूस ताठ होऊन तिसा नदीच्या गढूळ डोहात घुसला होता. त्याच्या टोकाला हिरव्या पाठीचा, शेपटी हलवणारा एक रबरी मासा होता. बेचेय गावच्या दुकानातून तो तिनेच आणला होता.

गावच्या गुत्त्यात, सगळ्यांच्या देखत, ओब्रादने शब्द दिला होता. मिशीवाला सोम मासा रबराला तोंड लावतो हे ऐकून त्याला हसू आवरेना. सोमाला वास लागतो, जिवंत वळवळ लागते. रबर चघळायला तो काय दात येणारं पोर आहे? राकियाचा पेला टेबलावर आपटून तो म्हणाला होता, रबराला सोम लागला तर पोरीने खुशाल शहरात, नोवी सादला जावं, मी काठावर बसून एकटा रबर नाचवीन. सगळे खो खो हसले. त्याला घरी न्यायला आलेली यगोदा तेवढी हसली नाही. तिने ते शब्द उचलून जपून ठेवले.

कारण सगळी गोम एकटं असण्यात होती. ओब्रादची पद्धत बापजाद्यांची. एका हाताने लाकडी बुच्का पाण्यावर मारायचा, त्या बुळुक-बुळुक आवाजाने सोम तळातून वर येतो. दुसऱ्या हातात जळवांचा झुबका लावलेला गळ धरायचा. मग होडी धरायला तिसरा हात लागतो. आई होती तोवर तो हात आईचा होता, नंतर यगोदाचा झाला. जळवाही तीच आणायची. इकडे तिच्या मैत्रिणीने, इलोन्काने, नोवी सादच्या बेकरीत तिच्यासाठी जागा धरून ठेवली होती ती फक्त उद्यापर्यंत. सकाळची बस गाठायची, एवढंच उरलं होतं.

काठी अजून वाकली. ‘ओढा ना,’ यगोदा मनातल्या मनात म्हणाली.

तेवढ्यात कट्ट असा बारीक आवाज झाला. ओब्रादने अंगठ्याने रिळाची कडी उघडली होती. तंगूस सरसर सुटला, सैल पडला, पाण्यावर वेडावाकडा तरंगू लागला. वल्हं पुन्हा हलकं झालं. होडी मुकाट प्रवाहाला लागली.

“ओंडका होता,” मागे न बघता ओब्राद म्हणाला. “बुडालेला. या डोहात फार झालेत.”

उभ्या जन्मात त्याने ओंडक्यासाठी कडी उघडली नव्हती. पण माशाला फसवता फसवता माणूस एक गोष्ट विसरतो. काठी धरणाऱ्याला जे कळतं, ते वल्हं धरणाऱ्यालाही कळतं.

त्याने रीळ गुंडाळलं. रबरी मासा वर येताच यगोदाने पुढे वाकून तो हातात घेतला. हिरवी पाठ दोन्ही बाजूंनी खरवडली होती, जशी किसणीवर घासावी तशी. सोमाचे दात असेच असतात, बारीक आणि दाट. सोम सोलताना तिची बोटं लहानपणापासून त्या दातांवर खरचटत आली होती.

“ओंडक्याला दात होते, बाबा.”

ओब्रादने टोपी काढली, आत बघितलं, पुन्हा घातली. आता हा ओरडेल, असं तिला वाटलं. त्याने ओरडावं अशी तिची इच्छाच होती. उत्तर तयार होतं, पिशवी भरलेली होती, आणि रागात पाय भराभर उचलतात.

“होते,” तो म्हणाला. “चांगला मोठा होता.” मग बराच वेळ त्याने काठीवरचं पाणी पुसलं. “मी पाण्यात पडलो तर तुझा तो रबरी मासा कुणाला हाक मारणार आहे का?”

यगोदाचा राग जागच्या जागी विझला, आणि त्याचंच तिला रडू आलं. खोटं रेटून बोलला असता तर ती उद्या गेली असती. हा माणूस खरं बोलला आणि तिची वाटच बंद झाली. त्या खरवडलेल्या पाठीवरून तिने बोट फिरवलं. सोमाला निदान थुंकून निघून जाता आलं होतं.

तिने होडी वळवली. कुठे, हे ठरवलं नव्हतं, हातांनीच वळवली. काठाजवळच्या दलदलीपाशी ओब्राद खाकरला.

“जळवा संपल्यात,” तो हळूच म्हणाला. “म्हणजे, उद्या गेलीच नाहीस तर.”

तिने रबरी मासा ॲप्रनच्या खिशात टाकला. बूट काढले, मोजे काढून बुटात कोंबले, घागरा गुडघ्यांवर खोचला आणि ती होडीतून उतरली. पाणी उन्हाने कोमट झालं होतं. नेहमीसारखे तिने पाय आपटले, म्हणजे आवाजाने जळवा तळातून वर येतात आणि पायांना चिकटतात. मग ती हालचाल न करता उभी राहिली.

“लागल्या का गं?” होडीतून बापाने विचारलं.

यगोदाने खाली बघितलं. तिच्या गोऱ्या पोटऱ्यांभोवती पाणी काळंभोर होतं.

“थांबा,” ती म्हणाली. “मी कुठे जातेय.”