पलटणीचे पट्टे

हरीशने फासे टाकले नाहीत. मुठीत घट्ट धरून ठेवले. मूठ उघडली की बोटं दिसणार, आणि टेबलाभोवती पाच माणसं उभी होती.

"टाका ना डॉक्टर. फासे आहेत, इंजेक्शन नाही," प्रसन्न म्हणाला.

नोएडातल्या एका सोसायटीच्या क्लबहाऊसमध्ये ही मंडळी रविवारी दुपारी जमत. सहा फुटी टेबलावर हिरवं कापड, त्यावर पुठ्ठ्याची गावं आणि बोटाच्या पेराएवढे रंगवलेले शिपाई. फूटपट्टीने अंतर मोजून पलटणी हलवायच्या. गोळीबाराचा निकाल फाशांनी लावायचा. आज पटपडगंजची १८०३ची लढाई होती. प्रसन्न हा गुरुग्रामच्या एका आयटी कंपनीतला पुणेकर. तो इंग्रजांकडून खेळत होता. हरीशकडे शिंद्यांची पलटण होती. चोवीस शिपाई, सगळे त्याने स्वतः रंगवलेले.

हरीश डोळ्यांचा सर्जन होता. सहा आठवड्यांपूर्वी मोतीबिंदूचं ऑपरेशन करताना त्याची तर्जनी दोनदा थरथरली. ऑपरेशन नीट झालं. कुणाच्या लक्षातही आलं नाही. दुसऱ्या दिवशी त्याने कंबरदुखी सांगून रजा घेतली. शुभदाला, स्वतःच्या बायकोलाही, तेच सांगितलं. मेंदूच्या डॉक्टरकडे जायचं तो टाळत राहिला. त्याऐवजी हे शिपाई आणले.

सकाळी एक शिपाई. लाल डगला आणि निळं पागोटं सोपं होतं. खरी परीक्षा छातीवरच्या काळ्या पट्ट्यांची. एकमेकींना छेदणाऱ्या केसाएवढ्या दोन रेघा. रेघा मारून झाल्या की तो शिपाई बाल्कनीत वाळत ठेवी आणि संजय तलावावर फिरायला जाई. ओल्या रंगावरून निकाल लावायचा नाही, हा त्याचा नियम होता. परत आल्यावर भिंगातून बघे आणि शिपायाच्या पायाखालच्या चकतीवर तारीख लिही.

पहिले सहा वाईट निघाले. ते घेऊन तो पहिल्यांदा इथे आला, तेव्हा प्रसन्नने विचारलं होतं, "डॉक्टर, हे भूकंपात उभे होते काय?" सगळे हसले. हरीशही हसला. घरी मात्र तो जेवला नाही. शुभदाने फारच खोदून विचारलं, तेव्हा प्रसन्नचं ते वाक्य तेवढं सांगितलं.

सातव्यापासून फरक पडला. मारताना रेघ अजूनही वाकडी वाटे, पण वाळल्यावर सरळ दिसे. पातळ रंग वाळला की बसतो, असं प्रसन्न एकदा म्हणाला होता. हरीशने ते धरून ठेवलं. हात ठीक आहे, भीतीने नजर फसते आहे, असं त्याने स्वतःला समजावलं.

त्याने मूठ उघडली. फासे चांगले पडले.

प्रसन्नने आपलं घोडदळ मागे फिरवलं. "या, करा पाठलाग. तेव्हा तुमचे लोक खंदकातून बाहेर पडून असेच आमच्या मागे धावले आणि हरले."

"माझे धावणार नाहीत."

हरीशची पलटण तोफांपासून हलली नाही. तासाभरात घोडदळाला परत यावं लागलं, थेट तोफांच्या तोंडी. पाच वाजता प्रसन्नने हात वर केले. मग त्याने हरीशचा एक शिपाई उचलून खिडकीच्या उजेडात धरला.

"यार, ही रेघ हाताने मारलीत? बिल्कुल छापल्यासारखी आहे. डॉक्टर, तुमच्याकडे डोळ्याच्या ऑपरेशनला मी डोळे झाकून येईन."

मेट्रोने मयूर विहारला पोचेपर्यंत हरीशचं ठरलं होतं. घरात शिरताच त्याने हॉस्पिटलमधल्या नीरजला फोन लावला. "उद्याची बळवंतरावांची केस माझ्याकडे दे."

बळवंतराव आर. के. पुरममधले निवृत्त कारकून. एक डोळा लहानपणीच गेलेला. दुसऱ्यातला मोतीबिंदू पिकला होता. नीरज ऑपरेशन करायला तयार होता, पण ते हरीशसाठी थांबले होते. सुरी लागणार, तर डॉक्टर आपल्या भाषेत बोलणारा हवा, असं त्यांचं म्हणणं.

"कंबर ठीक आहे ना?" नीरजने विचारलं.

"एकदम."

"चलो, मग सकाळी आठ."

शुभदा ताटं घेऊन दारात उभी होती. "एकाच डोळ्याने दिसतं, तेच ना बळवंतराव?"

"तेच."

"आणि कंबर?"

"कंबर कधी दुखतच नव्हती," हरीश म्हणाला. त्याला आता लपवायचं काही कारण उरलं नव्हतं. तर्जनी, रजा, भीती, सगळं त्याने सांगून टाकलं. बोलता बोलता त्याने चोवीस शिपाई तारखेप्रमाणे जेवणाच्या टेबलावर मांडले. "हे पहिले सहा बघ. आणि हे पुढचे अठरा. हात खरंच थरथरत असता, तर अशी रेघ आली असती? सांग ना."

शुभदाने ताटं खाली ठेवली. ती रांगेकडे बघत राहिली.

"मला वाटलं, तू नुसता खेळतोयस."

"खेळच आहे. पण मी त्यावरच उद्याचं ठरवलं."

"त्या दिवशी तू जेवला नाहीस, हरीश. परत कुणी तुला हसू नये, एवढंच माझ्या डोक्यात होतं."

"म्हणजे?"

तिने त्याचा फोन उचलून त्याच्या हातात दिला.

"नीरजला नाही म्हणून सांग. तू तलावावर गेलास की हे पट्टे मी सरळ करत होते."