दुसरा फोटो

अनसूया गोहलपुरात बायकांचे फोटो काढायची. पासष्टच्या लढाईत नवरा श्रीपाद सीमेवर होता, तेव्हा तिनं स्टुडिओचं दार आतून लावलं आणि टायमर लावून स्वतःचाच एक फोटो काढला. पलंगावर, केस मोकळे, खांदा उघडा, एक हात उशीवर आणि खिडकीचा उजेड फक्त एका गालावर. टपालानं पाठवलेला तो फोटो एकट्या श्रीपादसाठी होता.

लढाई थांबली तसा श्रीपाद रजेवर आला. जेवताना मिशीला पीळ देत म्हणाला, "तुझा फोटो साऱ्या बॅरेकमध्ये फिरला. जवान रोज विचारून राहिले, भाभीजी का दूसरा फोटो कब आएगा?"

"काहून दाखवला?"

"त्यात काय? आपलेच तर लोक आहेत."

तिनं आणखी एक पोळी वाढली. जेवून तो नुसत्या पट्ट्यापट्ट्यांच्या चड्डीवर आडवा झाला. मिशांना फडक्याची पट्टी बांधलेली, तोंड सताड उघडं. तो घोरायला लागल्यावर अनसूयेनं त्याचा एक हात अलगद उशीवर ठेवला. मग उजेड एका गालावर येईपर्यंत पडदा सरकवला आणि कॅमेरा आणला.

रजा संपली. गाडी सुटताना श्रीपाद खिडकीतून म्हणाला, "दुसरा फोटो पाठवशील ना?"

"परवाच टपालात टाकला. तुमच्या आधी पोचेल."

"माझ्याच नावानं टाकला ना?"

"नाही जी," अनसूया म्हणाली, "साऱ्या बॅरेकच्या नावानं."