बुटातली वाळू

दर रविवारी संध्याकाळी प्रदीप उर्वीला बोईसरला आईकडे आणून सोडायचा. "एडवणच्या समुद्रावर नेलं होतं," ठरलेलं वाक्य. मागच्या रविवारी उत्कर्षाने त्याच्यासमोरच लेकीचे बूट उलटे केले. वाळूचा कण नव्हता.

"घटस्फोट झाला तरी तुझ्या थापा काही सुटल्या नाहीत."

उर्वी दारात उभी राहून ऐकत होती.

या रविवारी ती पाय जपून टाकत आली. बूट झटकले, तर भरपूर वाळू पडली. उत्कर्षाला हायसं वाटलं. तरी राहवेना. तिने ती बोटांनी चिवडली. वाळूत सिमेंटचे खडे होते. बिल्डिंगखाली बांधकाम चाललं होतं, तिथले.

"बाबाला बोलू नकोस," उर्वी म्हणाली. "त्याला माहीत नाही. मीच भरली."