आबांच्या पावलांची वजाबाकी

"काय गं, आज किती तारे हलवले मी?" वेधशाळेच्या कुंपणापलीकडून आबांनी नातीला विचारलं.

"लांबून जात जा म्हटलं ना," शाल्मली चिडली. आबा हसत, उजवा पाय ओढत पेरूच्या बागेकडे निघाले. त्या दुपारी बागेतच त्यांचं हृदय थांबलं.

शाल्मलीच्या वेधशाळेतल्या, दूरच्या ताऱ्यांची थरथर टिपणाऱ्या यंत्राला गावातली पावलंही जाणवत. म्हणून प्रत्येकाच्या चालीचा नमुना घेतलेला असे आणि संगणक ती चाल ठरल्या वेळी नोंदीतून वजा करी. आबा गेले, तरी त्यांची वजाबाकी थांबली नाही. त्यांची पावलं नसताना ती वजा होत राहिली आणि रोज सकाळी पडद्यावरच्या सरळ रेषेत एक लंगडी चाल उलटी उमटू लागली.

तेराव्यानंतर शाल्मली कामावर आली, तेव्हा टिळेकर सर पडद्यापाशीच उभे होते.

"नमुना पुसून टाक," ते कुजबुजले. यंत्र चालू असताना त्या दालनात मोठ्याने कुणीच बोलत नसे. "रोजची सकाळ वाया जाते. गोंगाट आहे तो."

"नाही पुसणार."

"मग मी पुसतो. सरक."

ती सरकली नाही. तिने कळफलकावर हात आडवा ठेवला. पडद्यावर चाल उमटू लागली होती.

"आबा," ती दालनभर घुमेल अशा आवाजात म्हणाली.

"अगं, हळू. नोंद चालू आहे."

"असू दे चालू." तिची नजर पडद्यावरून हलली नाही. "आबा, मी रोज तुमची वाट बघायचे. चिडायचे ते उगाच."